उपरण्याखालचा भाव

सोलापुरात आम्ही बिऱ्हाडासाठी घर शोधत होतो, तेव्हा मालकांनी आम्हांला सगळ्यांत आधी गळका कोपरा दाखवला.

"हितं गळतंय," छताकडे बोट करून ते म्हणाले. "धाब्यावर दरसाल माती टाकतो, तरी गळतंय. आडाचं पानी चैतापस्नं मचूळ हुतंय. मागच्या अंगाला माग हायत, पहाटंपस्नं खटखट चालती. उनाळ्यात घरात झोपायचं नाव काडू नका. आन् शेवटची खोड म्हंजे मी. मी शेजारीच ऱ्हातो, आन् मला गप बसवत न्हाय."

आई वडिलांच्या कानाशी लागली, "अहो, यांना घर भाड्यानं द्यायचंय ना?"

द्यायचं तर होतंच. पण मालकांची सारी हयात बैलांच्या दलालीत गेली होती. मोहोळचा बाजार, अक्कलकोटचा बाजार, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत भरणारा जनावरांचा बाजार, सगळीकडे त्यांचा तांबडा पटका लांबून ओळखू यायचा. खिलार बैलाचं तोंड उघडून दात दाखवायचे आणि गिऱ्हाइकाला आधी बैलाची खोड सांगायची, हा त्यांचा रिवाज. हा उजवीकडं ओढतो, हा पाण्याला बुजतो, हा पाळण्याला शिंग लावतो म्हणून याला घरात घेऊ नका. "खोड आदी, मोल मागनं," असं ते म्हणत. खोड लपवून विकलेला बैल आपल्या पायानं परत दावणीला येतो आणि येताना भांडण घेऊन येतो, असा त्यांचा अनुभव होता. वय झालं तसा त्यांनी बाजार सोडला आणि दलालीच्या पैशातून दोन-तीन बिऱ्हाडं ठेवण्याजोगं घर बांधलं. रिवाज मात्र सुटला नाही. आम्हांला घरही त्यांनी बैलासारखंच दाखवलं, एवढंच.

दुसरा रिवाज याहून अवघड होता. पैशाचा आकडा ते तोंडानं काढत नसत.

"भाडं किती?" वडिलांनी विचारलं.

मालकांनी कानांवर हात ठेवले. "मास्तर, चार मान्सांत आसं इचारत्यात व्हय?" मग खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी उजव्या हातावर टाकलं आणि तो झाकलेला हात वडिलांपुढं धरला. "घाला हात."

बैलबाजारात सौदा असाच होतो. देणारा आणि घेणारा कापडाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटांनी बोलतात. भोवती गर्दी जमलेली असली तरी भाव कुणाला कळत नाही. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सबंध पंजा धरला की पाच, आणि पंजा धरून पुन्हा एक बोट धरलं की सहा. एकं, दहं की शतं, ते माल बघून समजायचं. मिटलेली मूठ हातात दिली तर तिचा अर्थ 'मला काही नको'. ही खूण मात्र आपण जन्मात कुणाला वापरताना पाहिली नाही, असं मालक हसत हसत सांगायचे.

हे सगळं आम्हांला पुढं कळलं. त्या दिवशी वडिलांना त्यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. ते म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर होते आणि मुलांखेरीज इतर कुणाशीही बोलताना अडखळायचे. समोरच्या गृहस्थानं हात पुढं केला आहे, तर तो धरावा, एवढाच अर्थ त्यांनी घेतला. उपरण्याखाली हात घालून त्यांनी मालकांचा सबंध पंजा धरला आणि साहेबलोक करतात तसा चांगला हलवला. उपरणं दोनदा वरखाली झालं. मालकांनी बोटं दाबून काहीतरी सांगितलं. वडिलांनी हसून पुन्हा पंजा धरला आणि हलवला. मालकांनी पुन्हा सांगितलं. वडिलांचं पुन्हा तेच.

मालक गारच पडले. ते सहा मागत होते आणि हा नवखा मास्तर पाचाच्या वर सरकायला तयार नव्हता. "जमलं!" म्हणून त्यांनी हात सोडवून घेतला आणि त्याच दुपारी गल्लीभर सांगून टाकलं, "मास्तर दिसाया गरीब हाय, पन सौद्याला लई पोचलेला! एक शबुद बोलला न्हाय की!"

शेजारच्या बिऱ्हाडकरूनं उपरण्याखाली काय धरलं ते विचारून घेतलं आणि वडिलांना सगळा उलगडा केला. त्याला सहा पडत होते, म्हणून तो जरा जळतच होता. वडील घरात येऊन आईला म्हणाले, "अगं, मी नुसता हात मिळवला तर एक रुपया उतरला!" आई म्हणाली, "मग आता कुणापुढं बोलू नका." त्यामुळं मालकांच्या मनातला वडिलांबद्दलचा आदर आम्ही सहकुटुंब सांभाळला. वडील हळूहळू बोटांची भाषा शिकले. दर दिवाळीच्या पाडव्याला ओट्यावर भाड्याचा नवा सौदा व्हायचा आणि मालक दरवर्षी जरा घाबरूनच बसायचे.

या उपरण्यानं त्यांना गोत्यातही आणलं. एकदा मालकीणबाई आजारी होत्या म्हणून ते स्वतः मंगळवारच्या बाजारात वांगी आणायला गेले. वांगीवालीला म्हणाले, "घाल हात." बाईनं आधी उपरण्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं पाहिलं, आणि मग जो तोंडाचा पट्टा सोडला तो पार वेशीपर्यंत ऐकू गेला. "म्हाताऱ्या, पैशाच्या वांग्याला माझा हात धरतूस व्हय रं?" मालक वांगी न घेताच परत आले. घरी येऊन ते कानडीत काहीतरी पुटपुटत राहिले. राग आला किंवा लाज वाटली की ते कानडीत शिरायचे, तिथं आमचा कुणाचा प्रवेश नव्हता.

मालकांच्या धाकट्या मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा गूळपाणी व्हायच्या आधीच ते म्हणाले, "पोरगीची खोड सांगतो. लई हासती. मयतालाबी हासंल, सांगवत न्हाय. आन् कालवनात तिखट दुप्पट घालती." मालकीणबाईंनी आतून भांडं आपटलं. मुलगी दाराआड उभी होती, तिला हसू आवरेना. नवऱ्या मुलाच्या आजोबांनी तिथल्या तिथं सुपारी फोडली. म्हणाले, जो बाप एवढं सांगतो त्यानं आणखी काय लपवलं असणार? त्या मुलीचा संसार उत्तम झाला, फक्त सासरचे सगळे तिखट खायला शिकले.

मला मालक फार आवडत. आमच्या घरात कुणी कुणाला धड काही सांगायचं नाही. वडील भिडस्त, आई मानी, आणि मी दोघांचा मुलगा. भिंतीपलीकडं मात्र एक माणूस मोठमोठ्यानं जगाच्या आणि स्वतःच्या खोडी मोजत बसलेला असायचा. तो आवाज ऐकला की मोकळं वाटायचं.

मी पुण्याला मामांकडे राहून बी.एस्सी. झालो आणि घरी आलो. मालकांनी मला अंगणात उभं केलं, भोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला. "पाऊल बरं टाकतंय. खांदा आजून लागलेला न्हाय."

खांद्यावर जू येणारच होतं, ते कोणतं हाच प्रश्न होता. एका गिरणीच्या कचेरीत पंचेचाळीस रुपयांची कारकुनाची जागा मला देऊ केली होती. सोमवारपर्यंत हो की नाही सांगायचं होतं. मंदीचे दिवस होते, पदवी घेतलेली मुलं टोप्या सावरत दारोदार हिंडत होती, तेव्हा पंचेचाळीस म्हणजे जहागिरीच. पण पुण्यात असताना माझ्या डोक्यात दुसरंच खूळ शिरलं होतं. मुंबईला केमिकल इंजिनियरिंगचं शिक्षण नव्यानं निघालं होतं. बी.एस्सी.नंतर आणखी दोन वर्षं. आमच्या प्रोफेसरांनी त्याचं इतकं वर्णन केलं होतं की मला स्वप्नातसुद्धा नळ्या आणि बाष्पपात्रं दिसायची.

खर्चाचा अंदाज वडिलांनी पाटीवर काढला. फी, खोली, खाणावळ, पुस्तकं. वडिलांनी दहा वर्षं पैसे साठवले होते ते गावाबाहेर छोटी जागा घेऊन दोन खोल्या बांधण्यासाठी. जागासुद्धा ठरलेली होती. दर रविवारी संध्याकाळी ते फिरत फिरत तिकडं जायचे, त्या मोकळ्या जमिनीवर थोडा वेळ उभे राहायचे आणि परत यायचे. कधीकधी मला बरोबर न्यायचे आणि म्हणायचे, "इथं दार पूर्वेला येईल." मी मुंबईला गेलो तर ते पूर्वेचं दार गेलं. एवढं करूनही दर महिन्याला सात-आठ रुपये कमीच पडत होते, ते कुठून आणायचे हे पाटीवर कुठंच निघेना. वर दोन वर्षांचा पगारही बुडणार तो वेगळाच. एका पारड्यात हे सगळं रचून ठेवलेलं, आणि दुसऱ्या पारड्यात काय? केमिकल इंजिनियरला महिन्याला किती मिळतात हे गावात एकालाही सांगता येत नव्हतं. कारण असा प्राणी गावात कुणी पाहिलाच नव्हता.

"मालकांना विचारू," वडील म्हणाले. त्यांच्या माहितीत व्यवहार कळणारा तेवढा एकच माणूस होता.

मालक ओट्यावर बसून विभूती लावत होते. "हे काय जनावर हाय, सांग," ते मला म्हणाले.

मी सुटलो. साखर, साबण, तेल, रंग, सिमेंट, औषधं. उद्याचा सगळा देश रसायनांवर चालणार आहे आणि ते कारखाने उभारणारा माणूस म्हणजे केमिकल इंजिनियर. मालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आता खोड सांग."

"खोड?" मी म्हणालो. "त्यात खोड अशी काही नाही."

मालक ताडकन उठले. "बिनखोडीचा बैल फकस्त देवळाम्होरं आसतो, दगडाचा! तुला मालच ठावं न्हाय. चल उद्या माज्यासंगट."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन निघाले ते थेट एका दुसऱ्या गिरणीत. गाठी वाहणाऱ्या तिथल्या गाड्यांचे बैल पूर्वी मालकांनीच दिले होते, त्यामुळं फाटकावरचा पहारेकरी त्यांना रामराम करायचा. रंगखात्यावर एक गोरटेले, पोट सुटलेले पारशी साहेब होते. विलायतेला जाऊन रंगाचं शास्त्र शिकून आलेले. सगळीकडं वाफ, खाली निळं-तांबडं पाणी, आणि त्यातून वाट काढत पुढं चाललेला मालकांचा पटका. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

मी इंग्रजीत आमचं येण्याचं कारण सांगितलं. साहेबांना मोठी गंमत वाटली.

"सायेब, आदी खोड सांगा," मालक म्हणाले.

मी भाषांतर केलं. साहेब खो खो हसले, मग मात्र गंभीर झाले. "खोड?" ते आपल्या हिंदीत म्हणाले, "बहुत हैं, बाबा. इधर सोलापूर में ऐसे आदमी को कौन रखेगा? हमारा रंग तो जर्मनी से डिब्बे में आता है, कैसे घोलना वो भी डिब्बे पर लिखा है. कारखाना बंबई में, वो भी दो-चार. शुरू में पगार का ठिकाना नहीं. हाथ ऐसा होता है," म्हणून त्यांनी आपली निळी नखं दाखवली, "और घर में बीवी बोलती है, दूर बैठो, बास आती है."

मालकांचा चेहरा उजळला. इथं आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना माल खरा वाटला असावा. "मान्सू सरळ हाय," ते माझ्या कानात म्हणाले.

मी साहेबांना विचारलं, "आणि पगार साधारण किती?" साहेबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मालकांनी आडवा हात घातला. "तोंडानं न्हाय!" उपरणं खांद्यावरून उतरलं, उजव्या हातावर पडलं आणि साहेबांच्या पोटापुढं येऊन थांबलं. "घाला हात, सायेब."

"अरे, ये क्या जादू है?" म्हणत साहेबांनी हात घातला. भोवती चार-सहा कामगार जमा झाले. उपरणं वरखाली झालं. मालकांनी भुवई उंचावली. उपरणं पुन्हा वरखाली झालं. साहेब हसत होते, मालक मात्र दगडासारखे उभे होते. सौद्याच्या वेळी चेहऱ्यावर माशी बसली तरी ते हलत नसत. मला वाटलं, फारच मोठ्या आकड्याची घासाघीस चालली आहे.

परत येताना मी तीनदा विचारलं. मालक एवढंच म्हणाले, "उपरन्याखालचं ओठावर आनू न्हाय."

त्या दिवशी संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला आणि मालकांनी वडिलांना ओट्यावर बोलावलं. आई दारात उभी राहिली, मी खांबाला टेकलो. खरं सांगतो, तेवढा घाबरलो मी पुढं परीक्षेलासुद्धा नाही.

"मास्तर, खोडी सांगतो," मालकांनी सुरुवात केली. "ह्या डिगरीला गावात गिऱ्हाईक न्हाय. मुंबैला हाय, तेबी थोडकं. हे आदात खोंड हाय, आजून दात लावलेलं न्हाय. दोन वर्सं बसून खानार, मग जुवाला लावायचं. चालंल का बसंल, म्या सांगू शकत न्हाय. ही झाली एक. आता कारकुनीची खोड ऐका. तो बैल आजपस्नं चालतो, पन जलमभर त्याच चाकोरीनं चालतो. पंचवीस वर्सांनी बघा, त्योच खांदा, त्योच घट्टा."

वडील मान खाली घालून ऐकत होते. सात-आठ रुपयांची पाटी त्यांच्या डोळ्यांपुढं असणार.

"तिसरी खोड माजी," मालक म्हणाले. "पोरगं मुंबैला गेलं तर तुमची जागा बोंबलली. म्हंजे तुमी माज्याच घरात ऱ्हानार. ह्यात माजा फायदा हाय. हे ध्यानात ठिवा, आन् मग माजं ऐका."

त्यांनी उपरणं टाकलं. वडिलांनी हात घातला. आणि मग जे झालं ते मी आजही डोळे मिटले की पाहू शकतो. वडील दचकले. त्यांनी मालकांकडं पाहिलं आणि जोरजोरात मान हलवून 'नाही, नाही' केलं. हात ओढून घ्यायला लागले. मालकांनी तो सोडला नाही. उपरण्याखाली बरीच झटापट झाली. शेवटी वडिलांचा हात सैल पडला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"किती हो?" आईनं दारातून विचारलं. "किती मिळतात?"

वडिलांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "जाऊ दे त्याला मुंबईला," ते म्हणाले.

त्या आकड्यानं पुढं दोन वर्षं आमच्या गल्लीत धुमाकूळ घातला. आई वडिलांना जेवताना विचारायची, पूजा करताना विचारायची, एकादशीला तर हमखास विचारायची, कारण उपासाच्या दिवशी माणूस खोटं बोलत नाही. "दोनशे?" "मालकांना शब्द दिलाय." "तीनशे?" वडील ताकाची वाटी तोंडाला लावायचे. मग आईनं आपल्यापुरता अर्थ लावला आणि आडावर सांगितलं, "आमच्या मुलाला इतका पगार मिळणार आहे की तो तोंडानं सांगण्यासारखा नाही." आडावरून तो आकडा निघाला तो पाचशेवर जाऊन थांबला. मला मुली सांगून यायला लागल्या. एका वधुपित्यानं मला पत्र घातलं, त्यात मोटार कोणत्या रंगाची घेणार अशी चौकशी होती.

इकडं मी मुंबईत खाणावळीची पातळ आमटी ओरपत त्या न पाहिलेल्या आकड्याखाली दबून चाललो होतो. अभ्यास मन लावून केला, कारण दुसरं काही करायची सोयच नव्हती. रविवार संध्याकाळ झाली की मला ती मोकळी जमीन आठवायची. वडील अजून तिकडं फिरायला जात असतील का, गेले तर काय बघत असतील, या विचारानं जीव कासावीस व्हायचा.

पास झालो. तेल-साबणाच्या एका कारखान्यात नोकरी लागली. पगार साठ रुपये.

साठ! कारकुनीपेक्षा पंधरा जास्त, आणि मुंबईचं भाडं वजा केलं तर बहुधा कमीच. कामावर मी खूश होतो, कढईतल्या साबणाचा वास मला आवडायचासुद्धा. पण गल्लीत पाचशे वाट बघत होते. मी घरी लिहिलं, "नोकरी लागली, प्रकृती चांगली आहे," आणि दिवाळीपर्यंत तोंड लपवलं.

दिवाळीला गेलो. पाडव्याला सकाळी मालक ओट्यावर सौद्याला बसले होते. वडील आत मुद्दाम रेंगाळत होते. मालकांनी मला खूण केली. मी जवळ गेलो तसं त्यांनी नाक वर करून हुंगलं. "साबनाचा वास येतोय. सायेब खरं बोलला की!" मग उपरणं पुढं आलं. "घाल हात. किती?"

मी हात घातला. अर्धी गल्ली बघत होती. मी त्यांचा पंजा धरला आणि मग एक बोट. साठ. आता या चेहऱ्यावर काय उमटेल म्हणून मी पाहत होतो. काही उमटलं नाही. "जमलं," ते शांतपणे म्हणाले.

"मालक," मी हळूच म्हणालो, "साहेबांनी सांगितलं होतं त्याच्या फार कमी आहे का हो?"

"सायबानं सांगितलंच कुटं?" तेही माझ्या कानाशी लागून म्हणाले.

मी आणखी जवळ सरकलो.

"त्यानं माजा पंजा धरला आन् हालवला," मालक म्हणाले. "मला वाटलं पाच म्हनतोय. पाच म्हंजे पन्नास का पाचशे, म्हनून इचाराय गेलो, तर पुन्ना हालवतोय आन् हासतोय. त्याला बोटं येतच न्हवती, पोरा! आन् मग माज्या डोसक्यात उजेड पडला. तुज्या बानं पयल्या साली आसंच केलं हुतं. दोनदा वरखाली. मी येडा, इतकी वर्सं मास्तरला भ्यालो!"

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. वडील दाराआडून ऐकत होते.

"म्हणजे तुम्ही रिकाम्या हातानं परत आलात?"

"व्हय की. कमाईचा आकडा ह्या गावात कुनापाशीच न्हवता. मग ते पारडं सोडून दिलं. ऱ्हायलं खर्चाचं पारडं."

"मग त्या संध्याकाळी तुम्ही बाबांना उपरण्याखाली सांगितलंत तरी काय?"

मालक आकडा तोंडानं काढणार कसे? त्यांनी पुन्हा उपरणं टाकलं, माझा हात ओढून आत घेतला आणि माझ्या तळव्यावर आपला हात ठेवला.

मिटलेली मूठ होती.

मी बोटं शोधली. एकही सापडलं नाही. मी मुंबईला निघालो तेव्हा आमचं भाडं सात रुपये झालेलं होतं. पाटीवर कुठंच न निघणारे ते सात-आठ रुपये. दोन वर्षं दर महिन्याला ते या मुठीतून मला मुंबईला येत होते, आणि हा माणूस उघड्या ओट्यावर "ह्यात माजा फायदा हाय" म्हणून स्वतःची खोड सांगून मोकळा झाला होता.

"यात तुमचा फायदा कसला?" एवढंच कसंबसं म्हणालो.

"चांगलं बिऱ्हाड टिकलं की."

मी ती मूठ उघडायला लागलो. उघडेना. बैलांच्या वेसणी धरून घट्ट झालेला हात तो. शेवटी बोटं सोडवली, पंजा धरला आणि मग दोन बोटं दाबली. आजपासून सात. त्यांनी हात झटकला आणि पुन्हा मूठ केली. मी पुन्हा उघडली. त्यांनी माझं एकच बोट धरलं. मी पुन्हा सात. लोकांना वाटलं पोरगं मुंबईला जाऊन शिरजोर झालं, म्हाताऱ्याला भाड्यासाठी छळतंय. घाम आला मला. आणि मग एकाएकी सुचलं. मी त्यांचा सबंध पंजा दोन्ही हातांनी धरला आणि हलवला. उपरणं दोनदा वरखाली झालं.

मालक माझ्याकडं बघत राहिले. ते दगडाचं तोंड आधी ओठांच्या कडेला हललं, मग गालांत, आणि मग पटका खाली पडेपर्यंत ते हसले. सौदा चालू असताना मालक हसलेले सोलापुरात त्यापूर्वी कुणी पाहिले नव्हते. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, माझ्याही आलं. हात मात्र दोघांनीही सोडला नाही.

"बापावानी लई पोचलेला!" ते गल्लीला ओरडून म्हणाले. "जमलं!"

भाडं पाचावर ठरलं. वडील हयात होते तोवर ते त्याच घरात राहिले, पाचाच्या वर एक पैसा मालकांनी घेतला नाही आणि त्याच्या खाली मी उतरू दिलं नाही. गळका कोपराही शेवटपर्यंत गळत राहिला.

मी डोळे पुसत घरात गेलो. वडील पाटावर बसून खाली मान घालून चकली मोडत होते. आई माझी वाटच पाहत होती.

"सांग रे आता तरी," ती म्हणाली. "त्या दिवशी मालकांनी किती सांगितलं होतं?"

मी वडिलांकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"आई," मी म्हणालो, "उपरण्याखालचं ओठावर आणू नये."

"घ्या! आता हाही!" म्हणून तिनं चकल्यांचा डबा माझ्यापुढं आदळला, आणि मग जराशानं, आवाज खाली आणून, अगदी प्रेमानं विचारलं, "पाचशेच्या वर होतं ना रे?"

"त्याच्या कितीतरी वर," वडील म्हणाले.